इसबाचं मलम आणि मुलांची हाडं

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. कोपरांच्या घडीत आणि गुडघ्यांमागच्या लवणीत इसब आहे. डॉक्टरांनी मोमेटासोनचं मलम दिलंय, पण स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात असं घरात सगळे म्हणतात. म्हणून मी अगदी पुसटसं लावते आणि दोन दिवसांत थांबवते. ठीक आहे ना?

नाही. या पद्धतीने इसब अर्धवट शमतं, आठवड्याभरात पुन्हा उफाळतं आणि वर्षाअखेरीस मलम जास्तच लागतं.

हाडांना धोका असतो तो रक्तात उतरलेल्या स्टिरॉइडचा. ते रक्तात बराच काळ टिकलं, की हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीवाटे जास्त निघून जातं. लवणीतल्या चट्ट्यांवर मापाने, आठ-दहा दिवस लावलेलं मलम सहसा तेवढं आत जात नाही.

माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, मलमाची एक सलग रेघ काढा. ही रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या (बोटं धरून) त्वचेला पुरते. हात तुमचाच मोजायचा, मुलीचा नव्हे; इथे पुष्कळांची गफलत होते. सगळे चट्टे मिळून सहा तळहात भरत असतील, तर तीन पेरं, म्हणजे दीड ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तर 15 ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपेल. ती संपायलाच हवी. चट्टे लाल असताना एकच ट्यूब तीन महिने पुरत असेल, तर मलम कमी पडतंय.

लाली आणि खरखर दोन्ही गेल्यावर थांबवा. तेच चट्टे वारंवार उठत असतील, तर जुन्या जागी आठवड्यातून सलग दोन दिवस लावत राहण्याची पद्धत आहे. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मॉइश्चरायझरला मात्र सुट्टी नाही. अंगभर कोरडेपणा असेल, तर मुलांना आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागतं. चार बोटं फिरवून काही होत नाही.

सावध कुठे राहायचं? क्लोबेटासोलसारखं अतितीव्र मलम, अंगाच्या मोठ्या भागावर, महिनोन्‌महिने. डायपरखाली किंवा घट्ट पट्टीखाली. आणि तान्ह्या बाळाला, कारण वजनाच्या मानाने त्याची त्वचा फार मोठी असते. पापण्या, चेहरा आणि जांघेतूनही औषध चटकन आत शिरतं. तिथे 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन, किंवा दोन वर्षांपुढच्या मुलांना 0.03 टक्के टॅक्रोलिमस सुचवतात. टॅक्रोलिमस स्टिरॉइड नाही. सुरुवातीचे काही दिवस चुरचुरतं, म्हणून लोक ते उगाच सोडतात.

तीव्र मलमं वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांमध्ये अस्थिभंगाचा धोका एकूण मात्रेबरोबर वाढतो, असं 2021 मध्ये डेन्मार्कच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. तो प्रौढांवरचा होता, आणि त्यात मात्रेचा हिशेब शेकडो ग्रॅमपासून किलोंपर्यंत जातो. तुमच्या ट्यूबला तो जसाच्या तसा लावू नका.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. इसब वाढलं की प्रेडनिसोलोनचं सिरप देतात. वर्षात चार वेळा झालं. लगेच आराम पडतो.

काळजी इथे करा. पोटातून दिलेलं स्टिरॉइड थेट रक्तात जातं. इसब झपाट्याने ओसरतं आणि औषध थांबताच बऱ्याचदा दुपटीने परततं. मग पुढचा कोर्स. दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनचंही तेच. नाव-घटक न छापलेल्या पुड्या किंवा डब्यांमधल्या ‘जादुई’ औषधांतही स्टिरॉइड असू शकतं.

सिरप आपणहून झटक्यात बंद करू नका. दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती दबलेली असते. मात्रा हळूहळू उतरवावी लागते. त्वचारोगतज्ज्ञांना विचारा : मलमाचं माप पुरेसं होतं का? जंतुसंसर्ग आहे का? मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन किंवा ड्युपिलुमॅब या स्टिरॉइड नसलेल्या औषधांपैकी काही योग्य ठरेल का? उंची दर तीन ते सहा महिन्यांनी वाढीच्या तक्त्यावर नोंदवा. पाठ दुखते म्हणाला, तर ‘खेळताना लागलं असेल’ म्हणून सोडू नका. स्टिरॉइडमुळे मणके दबू शकतात. ते एक्स-रेत दिसतं.

प्रश्न : इसबासाठी मुलाचं दूध वर्षभर बंद केलंय. चालेल?

तपासून सिद्ध झालेली अ‍ॅलर्जी नसेल, तर हाडांचं नुकसान मलमापेक्षा यानेच होण्याचा संभव अधिक. रोज कॅल्शियम एक ते तीन वर्षांत 700, चार ते आठ वर्षांत 1000 आणि त्यापुढे अठरापर्यंत 1300 मिलिग्रॅम लागतं. ड जीवनसत्त्व पहिल्या वर्षी 400 युनिट, नंतर 600. दूध पुन्हा सुरू करतानाही डॉक्टरांना विचारूनच करा. दीर्घ खंडानंतर काही मुलांना तीव्र अ‍ॅलर्जी उठते.

प्रश्न : हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी का?

फक्त मलम चालू असेल तर नको. पोटातलं स्टिरॉइड तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, तर विचार होतो. अहवालात झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या मुलांशी केलेली तुलना, पाहायचा. टी-स्कोअर निरोगी तरुण प्रौढांशी तुलना करतो; तो मोठ्यांसाठी असतो आणि मुलाला लावला तर विनाकारण घाबरवतो.