शीड मोठं करण्याआधी फिन लहान करून बघा

तुमचा विंडसर्फिंगचा बोर्ड ११० लिटरचा, शीड ७ चौरस मीटरचं, फिन (बोर्डाच्या शेपटीखालचं पातं) ४२ सेंटिमीटरची. वारा २० नॉट (ताशी सुमारे ३७ किमी) असूनही वेग २६ नॉटच्या पुढे सरकत नाही, म्हणून ७.८ चं शीड घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. पुढच्या पायाने दाबूनही बोर्डाची वाऱ्याकडची कड उचलली जाते असं तुम्ही लिहिलंय ना, ती फिन मोठी असल्याचीच खूण आहे.

शिडामुळे बोर्ड बाजूला सरकू पाहतो, ते सरकणं फिन अडवते. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. २० चे ३० नॉट झाले की तीच फिन त्याच कोनात सव्वादोनपट जोर देते. म्हणजे ३० नॉटला निम्म्याहून कमी फिन पुरेल. उरलेली नुसती पाण्याला घासत राहते आणि बोर्ड उलथवू बघते. त्यात वेगासाठी आपण वारा थोडा पाठीवर घेऊन धावतो, तेव्हा बाजूचा जोर आणखी कमी लागतो.

नामिबियात ल्युडरित्झच्या कालव्यात फ्रेंच विंडसर्फर आंत्वान अल्बोने २०१५ मध्ये ५०० मीटरवर ५३.२७ नॉटची सरासरी गाठली. असल्या धावांसाठीच्या फिन साधारण वीतभर लांबीच्या असतात. तिथे एकाच दिशेने धावायचं असल्यामुळे दोन्ही बाजू सारख्या नसलेल्या फिनही वापरतात. आपल्याला त्या उपयोगाच्या नाहीत, परतही यायचं असतं!

तुम्ही आधी ३६ ची घ्या, एकदम ३० वर उतरू नका. लहान फिनवर प्लेनिंग (बोर्ड उचलला जाऊन पाण्यावरून सरकणं) उशिरा सुरू होतं आणि वाऱ्याच्या दिशेकडे चढताना बोर्ड बाजूला घसरतो. दोनापावलाला मी हे भोगलंय: दुपारी वारा पडला आणि लहान फिनवर किनारा गाठता गाठता संध्याकाळ झाली. तेव्हापासून वारा स्थिर झाल्याशिवाय मी ती लावत नाही.

मागे कललेली फिन शेवाळ सोडून देते, पण त्याच लांबीच्या उभ्या फिनइतकी वाऱ्याकडे चढत नाही. कडकपणाही बघा. टोक फार वळलं तर मोठ्या वेगात पकड ढिली पडते, अगदीच कडक असेल तर लाटांवर बोर्ड अंगावर येतो. नेहमीच्या वापराला मला जी-१० ची (काचतंतू आणि इपॉक्सीच्या कडक पत्र्याची) बरी वाटते.

स्पिन-आऊट झाला, म्हणजे फिनची पकड सुटून बोर्डाची शेपटी बाजूला घसरली, की फिनला दोष देण्याआधी मागचा पाय आठवा. वेग येण्याआधी त्याने रेटलं की फिनचा पाण्याशी कोन वाढतो, वाऱ्याकडच्या बाजूला दाब घटतो, वरून हवा शिरते आणि पकड सुटते. सुटलीच तर मागच्या पायावरचा भार काढा आणि बोर्ड पायांनी अंगाखाली ओढून घ्या.

आणि आत्ताची ४२ ची काढून तिच्या पुढच्या कडेवरून नख फिरवा. खडकाला लागून पडलेली बारीक खाच असली तरी हवा लवकर शिरते. ६०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून कडेच्या लांबीच्या दिशेने घासा. कडेची गोलाई मात्र बदलू देऊ नका.