गावाकडे, एकत्र कुटुंबात राहून वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य निभावते का?

आपण लिहिले आहे की आपल्या पत्नीचे वय 34 वर्षे आणि वजन 112 किलो आहे, मधुमेह गोळ्यांनी आटोक्यात येत नाही आणि डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. अंबाजोगाईजवळच्या गावी, दहा-बारा माणसांच्या घरात राहून नंतरचे पथ्य सांभाळता येईल का, आयुष्यभर कमीच खावे लागते का आणि वजन पुन्हा वाढते का, असे आपले प्रश्न आहेत. मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवते. सासू-सासरे, दीर-जाऊ आणि मुले असे आमचेही एकत्र कुटुंब आहे. माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया पुण्याला झाली, त्याला आता चार वर्षे होऊन गेली. पथ्य सांभाळता येते, हे माझे अनुभवाचे उत्तर आहे. मात्र ते केवळ रुग्णाच्या निर्धारावर सांभाळले जात नाही. घरात कोण केव्हा जेवते आणि कोणाच्या ताटात काय पडते, यावर ते फार अवलंबून असते. म्हणून हा प्रश्न पत्नीने नव्हे, आपण विचारला, याचे मला विशेष समाधान वाटले.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. तिच्यात सुरुवातीला 100 ते 150 मिलिलिटर एवढेच मावते. भूक जागवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे पहिले काही महिने भूक जवळजवळ लागतच नाही. बायपास या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराची त्याहून लहान पिशवी करून ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. दोन्हींपैकी काय करायचे हे डॉक्टर ठरवतील. पहिल्या दीड-दोन महिन्यांविषयी मी फार लिहीत नाही, कारण पातळ पदार्थ, मग गाळलेले व घोटलेले, मग नरम आणि मग नेहमीचे अन्न हा क्रम रुग्णालय लिहूनच देते. तो काळ कठीण असतो, पण त्या काळात सगळे घर रुग्णाभोवती असते. खरी परीक्षा त्यानंतर, रुग्ण बरा झाला असे घराला वाटू लागते तेव्हा सुरू होते.

आपल्याकडे घरातील पुरुष आणि मुले आधी जेवतात, स्वयंपाक करणारी बाई शेवटी बसते. तोवर वरण संपलेले असते, उसळीचा रस तळाशी उरलेला असतो, आणि तिच्या वाट्याला भाकरी, ठेचा व एखादी पातळ आमटी येते. याची कोणाला खंत नसते, कारण सगळ्यांनी तेच पाहिलेले असते. माझ्या आईनेही जन्मभर असेच जेवण केले. शस्त्रक्रियेनंतर मात्र ही रीत शरीराला परवडत नाही. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात आणि पोटात जागा तर मूठभर अन्नाचीही नसते. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातून 6 ते 7, पेलाभर दुधातून 8 आणि 100 ग्रॅम पनीरमधून सुमारे 18 ग्रॅम प्रथिने मिळतात, हा हिशेब मांडून पाहा म्हणजे अडचण लक्षात येईल. भाकरीने सुरुवात केली तर दोन-चार घासांत पोट भरते आणि वरण तसेच राहते. म्हणून आधी वरण, उसळ, अंडे किंवा पनीर, त्यानंतर भाजी, आणि जागा उरली तर भाकरी, हा क्रम कायमचा लागतो. प्रथिने कमी पडली की वजनाबरोबर स्नायूही झिजतात, थकवा येतो आणि केस अधिक गळतात.

आमच्या घरी हा बदल सासूबाईंनी घडवला. शस्त्रक्रियेपूर्वी आहारतज्ज्ञांना भेटायला त्या माझ्याबरोबर आल्या होत्या. हिला चारचौघांच्या आधी आणि ठरल्या वेळी जेवावे लागेल, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले. घरी आल्यावर त्यांनी माझ्यासाठी घट्ट वरणाची एक वाटी सर्वांच्या आधी बाजूला काढून ठेवण्याची पद्धत सुरू केली आणि ती आजही चालू आहे. हीच गोष्ट मी सुनेच्या तोंडाने सांगितली असती तर घरात किती दिवस कुरबुर चालली असती, याची मला कल्पना आहे. त्यामुळे माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे की त्या भेटीला आपल्या आईंनाही न्या.

जेवणाइतकेच पाण्याचे आहे. जेवताना पाणी प्यायचे नाही आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी थांबायचे, असा नियम आहे. एका वेळी पेलाभर पाणी घटाघटा पिता येत नाही, घोट घोट घ्यावे लागते, आणि तरीही दिवसभरात दीड-दोन लिटर पोटात जायला हवे. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा 41-42 अंशांवर असताना, हे किती अवघड होते हे पुण्या-मुंबईच्या तक्त्यात लिहिलेले नसते. शेतात किंवा लग्नकार्यात गेलेल्या बाईला तीन-चार तास पाणी मिळाले नाही तर ती नंतर एकदम पिऊन ते भरून काढू शकत नाही. चक्कर येते, लघवी गडद होते आणि कधी सलाईन लावण्याची वेळ येते. शस्त्रक्रियेची तारीख ठरवणे आपल्या हाती असेल तर पावसाळा संपल्यानंतरची घ्यावी, असे मी सुचवेन. पहिले तीन-चार महिने तरी उन्हाळ्याबाहेर निघतील.

आग्रहाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. आमच्या भागात वेळ अमावस्येला शेतात भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे घेऊन बसतात आणि वाटेने जाणाऱ्यालाही बोलावून जेवू घालतात. ही आमच्या मातीची फार सुंदर रीत आहे आणि ती तशीच राहावी असे मला मनापासून वाटते. पण वाढणाऱ्याचा हात आखडत नाही, आणि पान टाकणे म्हणजे अन्नाचा व यजमानाचा अवमान, हा संस्कार आपल्या प्रत्येकात खोल रुजलेला असतो. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने मन राखण्यासाठी दोन घास जास्त खाल्ले, किंवा बोलण्याच्या नादात न चावता गिळले, तर घास छातीत अडकल्यासारखा होतो, तोंडाला लाळ सुटते आणि ते सगळे उलटून पडेपर्यंत चैन पडत नाही. बायपास झालेल्यांना पुरणपोळी किंवा बुंदीसारखे गोड खाल्ल्यावर धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब असाही त्रास होतो. स्लीव्हमध्ये तो तुलनेने कमी आढळतो. मी आता पंगतीत बसते, पण पानाऐवजी एक वाटी मागून घेते आणि वाढणाऱ्याला आधीच नमस्कार करून सांगते की माझे पोटाचे ऑपरेशन झाले आहे. एवढे सांगितले की आपल्याकडची माणसे समजून घेतात. जिथे समजून घेत नाहीत, तिथे नवऱ्याने पुढे होऊन सांगावे. तो शब्द अजूनही अधिक चालतो, आणि जोवर चालतो आहे तोवर त्याचा उपयोग करावा.

उपवासांचाही प्रश्न आपल्याकडे येणारच. पहिले वर्षभर कडक उपवास करू नयेत असे मला सांगण्यात आले होते आणि निर्जळी हरतालिका तर मी कायमची सोडली. साबुदाण्यात पिष्ट भरपूर आणि प्रथिने नगण्य असतात, त्यामुळे नवरात्रातले नऊ दिवस त्यावर काढणे आता शक्य नाही. मी नवरात्रात दूध, दही, पनीर आणि थोडे शेंगदाणे घेते. माझ्या श्रद्धेत त्यामुळे काही उणे आले असे मला वाटत नाही. उलट गेल्या वर्षी अश्विन पौर्णिमेला जावेबरोबर तुळजापूरच्या पायी वारीत चालले आणि मंदिराच्या पायऱ्या उतरून दर्शन घेऊन पुन्हा कोणाचाही हात न धरता वर आले. पूर्वी मला जमिनीवर बसल्यावर उठताना आधार लागत असे आणि एस.टी.च्या दोघांच्या आसनावर शेजारी कोणी बसायला कचरत असे. माझे वजन 118 किलोवरून सध्या 79 वर आहे. इन्शुलिन बंद झाले, एकच गोळी उरली आहे. साखर तर वजन फारसे उतरण्याआधीच, पहिल्या काही आठवड्यांत खाली येऊ लागली. म्हणूनच मधुमेहाच्या औषधांचे प्रमाण डॉक्टरांच्या देखरेखीखाली लगेच कमी करावे लागते. जुन्याच मात्रेत ती चालू ठेवली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मधुमेह मुळापासून गेला असे मात्र समजू नये. तो आटोक्यात राहतो, काहींचा परतही येतो, म्हणून रक्तातील साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करत राहावे लागते.

शरीर उतरते तेव्हा लोक काय म्हणतात, याचीही तयारी ठेवा. "बाई, कशानं वाळलीस एवढी? काही मोठं दुखणं हाय का?" हे मी बाजारात, बसस्थानकावर, माहेरच्या गल्लीत कितीतरी जणींकडून ऐकले. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत केस भसाभसा गळतात. ते बहुतेकांचे पुन्हा येतात, माझेही आले, पण त्या काळात वेणी घालताना डोळ्यांत पाणी येत असे. दंड, पोट आणि मांड्यांची कातडी सैल लोंबते आणि उन्हाळ्यात तिच्या घड्यांत घामाने चट्टे उठतात. व्यायामाने ती पुरती भरून येत नाही. या दिवसांत पत्नीच्या दिसण्यावर घरात कोणीही, थट्टेनेसुद्धा, बोलू नये, ही जबाबदारी मी आपल्यावर टाकते.

आयुष्यभर कमी खावे लागते का, तर होय. वर्ष-दीड वर्षानंतर भूक पुन्हा जाणवू लागते आणि एका वेळी पूर्वीपेक्षा थोडे जास्तही जाते, तरी माझे जेवण आजही पूर्वीच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे. वजन पुन्हा वाढते का, तर काही प्रमाणात बहुतेकांचे वाढते. माझेही सर्वांत कमी होते त्यापेक्षा चार किलोंनी वाढून स्थिरावले आहे. अधिक वाढ होते ती पातळ आणि चटपटीत पदार्थांमुळे. फरसाण, चिवडा आणि दिवसातून पाच-सहा वेळा होणारा गोड चहा पोटात जागा न अडवता सहज उतरतो. आपल्याकडे प्रत्येक घरी चहा होतो, तिथे मी बिनसाखरेचे ताक मागते. चहाचे आणखी एक आहे, तो लोहाच्या गोळीचे शोषण कमी करतो, म्हणून त्या गोळीच्या मागेपुढे घेऊ नये. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीपासून दोन तासांच्या अंतराने घ्यायची असते.

या गोळ्या कायमच्या असतात, आणि तीच गोष्ट गावाकडे सर्वांत आधी सुटते. बरे वाटू लागले की माणूस म्हणतो, आता औषध कशाला? मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह आणि बी12 यांची कमतरता हळूहळू, वर्षा-दोन वर्षांनी दिसू लागते. हातापायांना मुंग्या येतात, दम लागतो, हाडे दुखतात. बी12चे इंजेक्शन तालुक्याच्या कोणत्याही दवाखान्यात मिळते आणि रक्ताच्या तपासण्याही आता लातूर किंवा अंबाजोगाईला होतात, त्यासाठी पुण्याला जावे लागत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सतत उलट्या होत असतील तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. त्याने बी1 जीवनसत्त्व झपाट्याने घटते आणि नसांना व मेंदूला इजा होऊ शकते. तसेच गुडघेदुखी-अंगदुखीसाठी दुकानातून गोळी आणून घेण्याची आपल्याकडची सवय मोडावी लागेल, कारण विशेषतः बायपासनंतर त्या गोळ्यांनी जठराच्या जोडावर व्रण होतात. वजन वेगाने उतरत असताना पित्ताशयात खडेही होतात. मला त्यासाठी पहिले सहा महिने गोळी दिलेली होती.

आपल्या पत्नीचे वय पाहता मूल हवे असेल तर शस्त्रक्रियेनंतर 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळावी लागते. वजन उतरले की पाळी नियमित होते आणि पूर्वी दिवस राहत नसलेल्या स्त्रियांनाही अनपेक्षितपणे राहू शकतात, म्हणून हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. आरोग्य विमा असेल तर त्यातील अट वाचा: साधारणपणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) 40 किंवा त्याहून अधिक, अथवा 35 किंवा अधिक असून त्याबरोबर आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार असेल तरच खर्च मिळतो, आणि विमा घेतल्यापासून खर्च मिळू लागेपर्यंतचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. तारीख ठरवण्याआधी लोह, बी12 आणि ड जीवनसत्त्व तपासून जी कमतरता निघेल ती भरून घ्या. मराठवाड्यातल्या बायकांत लोहाची कमतरता घरोघरी असते आणि ती घेऊन शस्त्रक्रियेला गेल्यास पुढचे वर्ष फार थकव्यात जाते. आणि निर्णय पक्का करण्यापूर्वी पत्नीला एकटीला बसवून विचारा की तिला हे करायचे आहे का. तिचे उत्तर येईपर्यंत रुग्णालयात पैसे भरू नका.