गोल्फ खेळून आल्यावर मजा वाटण्याऐवजी डोकं उठतं. दोष माझा की कोर्सचा?

तुम्ही लिहिलंय की चार महिने सरावाच्या रेंजवर बॉल मारायला शिकलात, मग ऑफिसातल्या तिघांबरोबर शहराबाहेरच्या एका नव्याकोऱ्या कोर्सवर गेलात. अकरा बॉल हरवले, साडेपाच तास उन्हात गेले आणि घरी आल्यावर किट माळ्यावर टाकून द्यावंसं वाटलं. सगळे म्हणतात कोर्स "चॅम्पियनशिप" दर्जाचा आहे, म्हणजे चूक आपलीच असणार.

अकरातले चारेक बॉल तुमच्या खात्यावर धरू. बाकीचे कोर्सच्या.

मी काही मोठा खेळाडू नाही, हे आधीच सांगतो. पंचेचाळिशीत क्लब हातात घेतला, आता साठी जवळ आली. हँडिकॅप 22, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा (त्याला पार म्हणतात) 22 जास्त; पार 72 च्या कोर्सवर चांगल्या दिवशी 94. नोकरीची सगळी वर्षं पिंपरी-चाकण पट्ट्यात असेंब्ली लाइनवर काढली, त्यामुळे काम कुठे तुंबतं तिकडे नजर जायची खोड आहे. गोल्फ कोर्सवरही ती सुटत नाही. बायको म्हणते, "अहो, रिटायर झालात आता." असो.

अवघड कोर्स आणि वैतागवाणा कोर्स यात लोक फार गल्लत करतात. स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी घ्या. 1999 ची ब्रिटिश ओपन तिथे झाली तेव्हा फेअरवे, म्हणजे गवत कापलेले मधले पट्टे, चिंचोळे ठेवले होते आणि दोन्ही बाजूंचं गवत मोकाट वाढलेलं होतं. पॉल लॉरी जिंकला तो चार दिवसांच्या 290 फटक्यांत, पारपेक्षा 6 जास्त. 19 वर्षांच्या सर्जिओ गार्सियाने पहिल्या दिवशी 89 मारले. गंमत म्हणजे 2007 मध्ये त्याच कोर्सवर हाच गार्सिया 277 मारून पॅड्रिग हॅरिंग्टनबरोबर बरोबरीत आला आणि प्लेऑफमध्ये हरला. 2018 ला मोलिनारी 276 मध्ये जिंकला. 1999 पेक्षा कोर्स तोवर थोडा लांबच झाला होता. मधला ओढा तोच, बंकर (वाळूचे खड्डे) तसेच खोल. हवा आणि वारा यांचा हात होताच, पण मोठा फरक गवताचा. म्हणजे एकच जमीन गवत कसं राखलंय त्यावर छळही करते आणि कसही बघते.

आता आपल्याकडे या. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुण्याच्या आसपासच्या कोर्सवर गेलात तर रफ म्हणजे गुडघाभर गवत, मध्ये घाणेरीची झुडपं आणि पाऊस थांबल्यावर वाळायला लागलेली कुसळं. बॉल फेअरवेपासून चार पावलं बाहेर गेला की गेला. मग चौघं वाकून गवत पायाने बाजूला सारतायत, मोज्यांत कुसळं शिरतायत आणि प्रत्येकाच्या मनात एकच विचार, घोणस तर नाही ना इथे. आमच्या ग्रुपचा किट उचलणारा एक जुना कॅडी आहे, त्याला सगळे मामा म्हणतात. एकदा त्याने विचारलं, "साहेब, खेळायला आलोय का शेळ्या शोधायला?"

नियमाने बॉल शोधायला 3 मिनिटं मिळतात. 2019 पर्यंत 5 मिळायची. नाही सापडला तर एक दंडाचा फटका आणि पुन्हा मागे जाऊन जिथून मारला तिथूनच मारायचा. चौघांपैकी प्रत्येकाने तीनच बॉल हरवले तरी नुसत्या शोधण्यात 36 मिनिटं जातात, मागे चालत जाणं वेगळं. तुमचे अकरा होते. पुढे उभं राहून बॉल कुठे पडतो ते बघणारा फोरकॅडी घेतला तर निम्मे सापडतात, पण तो खर्च आपल्या खिशातून, आणि नव्या कोर्सवर बग्ग्या असल्यामुळे कॅडीच नसतात.

आणि याला "आव्हान" म्हणणाऱ्यांना मी एकच नाव सांगतो. ॲलिस्टर मॅकेन्झी. हा मुळात डॉक्टर, बोअर युद्धात जाऊन आलेला, नंतर कोर्स आखायला लागला. बॉबी जोन्सबरोबर ऑगस्टा नॅशनल त्यानेच आखलं. चांगल्या कोर्सची तत्त्वं त्याने 1920 मध्येच लिहून ठेवली होती, आणि त्यात एक तत्त्व हेच की हरवलेले बॉल शोधण्याचा ताप खेळणाऱ्याला अजिबात होता कामा नये. शंभर वर्षं झाली. तरी नवीन कोर्सवाले गवत वाढवून ठेवतात आणि माहितीपत्रकात "नैसर्गिक" लिहितात. कापायला माणसं कमी आहेत असं लिहिलं असतं तर मी निदान प्रामाणिकपणाचे गुण दिले असते.

तुमचे साडेपाच तास मात्र सगळे गवतात गेलेले नाहीत. यातला मोठा हिस्सा रांगेत गेला असणार, आणि हा माझा आवडता विषय आहे.

पार-4 च्या, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या, होलवर एका वेळी दोन ग्रुप मावतात. एक ग्रीनकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताकडे, निघालेला, दुसरा मागून टी-ऑफ करणारा, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून (टीवरून) पहिला फटका मारणारा. पार-5 वर तीनसुद्धा मावतात. पार-3 वर मात्र एकच. पुढचे चौघं टीवरून मारणार, चालत ग्रीनवर जाणार, पटिंग, म्हणजे बॉल हलकेच भोकात ढकलणं, संपवणार, झेंडा परत लावणार आणि बाजूला होणार, तोवर मागच्यांनी हातात क्लब धरून उभं राहायचं. आमच्यासारख्या चौघांना याला सहज 10 मिनिटं लागतात. आता रविवारी सकाळी स्टार्टर दर 8 मिनिटांनी एक ग्रुप सोडतोय असं धरा. पहिला ग्रुप अडत नाही. दुसरा 2 मिनिटं थांबतो, तिसरा 4. अकराव्या ग्रुपला पहिल्या पार-3 वर 20 मिनिटं ताटकळावं लागतं, आणि यात कुणाचीही चूक नसते, कुणी हळू खेळत नसतं. ज्या मशीनला 10 मिनिटं लागतात त्याला दर 8 मिनिटांनी माल दिला तर ढीग साठणारच. हे शॉपफ्लोअरवरच्या शिकाऊ पोरालाही कळतं. हाच पार-3 तिसऱ्या होलला असेल तर आणखी वाईट, कारण अंग जरा मोकळं होतंय तोवर ब्रेक लागतो. मग मार्शल बग्गीतून येऊन आपल्यालाच म्हणतो, "सर, जरा फास्ट." त्याला काय सांगणार?

उपाय साधे आहेत. दोन ग्रुपमध्ये 10-11 मिनिटं ठेवायची. नाहीतर पार-3 वर ग्रीनपर्यंत पोचलेल्यांनी बाजूला उभं राहून मागच्यांना हात करायचा की मारून घ्या, आणि ते चालत येईपर्यंत आपलं पटिंग उरकायचं. पण तासाला एक-दोन ग्रुप कमी सोडायचे म्हणजे तेवढी फी बुडते, म्हणून पहिला उपाय कुणी करत नाही.

ग्रीनबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणजे तुम्हाला अजून त्याची झळ लागलेली नाही, पण लागेल. ग्रीन किती पळतं ते मोजायला स्टिम्पमीटर असतो. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या गृहस्थाने 1935 ची यूएस ओपन ओकमाँटला बघितल्यावर तो बनवला. आता मिळतो तो म्हणजे ॲल्युमिनियमची 3 फुटी पन्हळ. एका टोकाच्या खाचेत बॉल ठेवायचा, ते टोक हळूहळू उचलायचं. साधारण 20 अंशांना बॉल सुटतो आणि सेकंदाला 6 फूट वेगाने ग्रीनवर उतरतो. मग सपाट जागेवर तो किती फूट गेला ते मोजायचं. 8 फूट गेला तर ग्रीन सावकाश, 12 गेला तर काच.

यावरून एक हिशेब निघतो. वेग आणि अंतर माहीत असेल तर गवत बॉलला किती अडवतं ते काढता येतं. ग्रीन 8 ला असेल तर बऱ्यापैकी उतारावरही उताराच्या दिशेने मारलेला बॉल कुठेतरी थांबतो. 12 ला गेलं की उताराची ही मर्यादा दोन तृतीयांशावर येते. त्यापलीकडे बॉल थांबतच नाही, कारण गवताच्या अडवण्यापेक्षा उताराची ओढ जास्त. जुनी ग्रीन आखली गेली तेव्हा गवत उंच कापायचे, म्हणून तेव्हा 5-6 टक्के उतार चालून जायचा. आता टीव्ही बघून कमिटीतल्या कुणाला तरी वेगवान ग्रीनची हौस येते, कटरचं पातं खाली जातं, उतार मात्र आजोबांच्या काळातला. मग चार फुटांचा पट चुकला की बॉल ग्रीनवरून खाली घरंगळतो. 2004 च्या यूएस ओपनला शिनेकॉक हिल्सवर शेवटच्या दिवशी सातव्या होलच्या ग्रीनवर अशी वेळ आली की दोन ग्रुपच्या मधे पाणी मारावं लागलं. जगातले उत्तम खेळाडू, आणि त्या दिवशी एकालाही पारच्या खाली येता आलं नाही. आपली काय कथा.

आता बायकोची गोष्ट. तिने पन्नाशीत सुरुवात केली आणि तिचा ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) फटका हवेतून 100 यार्ड जातो. सरळ जातो, माझ्यापेक्षा सरळ. एका कोर्सवर, नाव नको, पहिल्याच होलला टीसमोर ओढा. सगळ्यात पुढच्या लाल टीवरूनही तो ओलांडायला 120 यार्ड हवेतून लागतात. बाजूने वाट नाही, अलीकडे थांबायला जागा नाही. तिने एक बॉल पाण्यात घातला, दुसरा घातला, मग पलीकडे जाऊन ड्रॉप घेतला, म्हणजे बॉल हाताने टाकला. पाचव्या होलला तेच, आठव्याला पुन्हा तेच. त्यानंतर ती बग्गीत बसून राहिली. म्हणाली, "तुम्ही खेळा, मी मोर बघते." त्या कोर्सवर ती पुन्हा आलेली नाही. मीही फारसा जात नाही, मोर घराजवळही दिसतात.

ओढा असू नये असं माझं म्हणणं नाही. ताकद असेल त्याने वरून मारावा, नसेल त्याला वळसा घेऊन एक फटका जास्त खर्चून पलीकडे जाता यावं. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कोर्सवर पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे एकच आहे, आडवा तिडवा पसरलेला. तिथे आज्जीसुद्धा टीवरून घाबरणार नाही. ओढा आहे, पण ग्रीनच्या पुढ्यात, आणि त्याच्या अलीकडे निवांत थांबता येतं. वर जायचं धाडस कधी करायचं ते आपण ठरवायचं. ज्या कोर्सवर ठरवण्यासारखं काही उरतच नाही, नुसतं "एवढं मार नाहीतर बुडव," तिथे चार तासांनी माणूस कंटाळतो. चांगलं खेळणाराही कंटाळतो, तो फक्त बोलून दाखवत नाही.

चालण्याचं थोडक्यात सांगतो. 1744 मध्ये लीथला गोल्फचे पहिले 13 नियम लिहिले गेले. त्यातला अगदी पहिला असा, की पुढचा बॉल आधीच्या होलपासून एका क्लबच्या लांबीच्या आत टी-अप करायचा. तेवढं जवळ नको, ग्रीनची वाट लागेल. पण तुम्ही गेलात तसल्या कोर्सवर एका ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत बग्गीनेही तीन-चार मिनिटं जातात, कारण मधे बंगल्यांचे प्लॉट आहेत. कोर्स आखताना आधी प्लॉट आखले, मग उरलेल्या जागेत होल बसवले. अशा कोर्सवर लय म्हणून लागत नाही.

बंकरमध्ये वाळूऐवजी मुरूम, समांतर फेअरवेवरून "फोर!" ओरडत येणारे बॉल, 14 व्या होलनंतर कुठेही पिण्याचं पाणी नसणं, हे सगळं आहेच, त्यावर शब्द घालवत नाही. एका गोष्टीबद्दल मात्र कोर्सला उगाच नावं ठेवू नका: एप्रिल-मे मधलं तपकिरी गवत. फेअरवे वाळून कडक झाले की माझ्यासारख्याचा बॉल पडल्यावर वीस-तीस यार्ड पळतो. मला आवडतं. हिरवागार आणि चिखलाने जड कोर्स फोटोत छान दिसतो, पण काळी माती बुटांना थापून अठरा होल चालून बघा.

तेव्हा किट माळ्यावर टाकू नका. एखादा जुना, सपाट, 9 होलचा कोर्स शोधा, लष्कराच्या गावांत असे असतात आणि काही ठिकाणी बाहेरच्यांनाही खेळू देतात. शनिवार-रविवार सोडून सकाळी साडेसहाला जा, सगळ्यात पुढच्या टीवरून खेळा (कुणी हसलं तर हसू दे), आणि कॅडी घ्या, शक्यतो वयस्कर. तीन-चार बॉल हरवतील.

आणि हो, तुम्ही गेलात त्या कोर्सवर तिसरा होल पार-3 होता का? तेवढं मात्र नक्की कळवा.