नोमाच्या शाखेत नव्याने येताना

नोमामध्ये नुसतं नाव नोंदवून बसू नकोस. अमेरिकेतल्या अल्पसंख्याक आर्किटेक्टांची ही संघटना १९७१ मध्ये डेट्रॉइटला १२ कृष्णवर्णीय आर्किटेक्टांनी उभी केली, एकमेकांना हात देण्यासाठी. आज आपल्यासारख्यांनाही तिथे जागा आहे. ती कोणाच्या कष्टाने झाली, हे मनापासून जाणून आत ये.

पहिल्याच भेटीत नोकरीचा विषय काढू नकोस. पोर्टफोलिओ घेऊन एखाद्या ज्येष्ठाला विचार, "यातली तीन पानं काढायची तर कुठली काढाल?" या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. गुळगुळीत रेंडरिंग, म्हणजे इमारत झाल्यावर कशी दिसेल याची चित्रं, बहुतेकदा आधी उडतात. जिन्याचा हाताने काढलेला सेक्शन (उभा छेद), खाडाखोडीसकट, टिकतो, कारण तू विचार कसा करतोस ते त्यात दिसतं. माझ्या मते शाखेतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे असा खरं बोलणारा माणूस.

अमेरिकेत आर्किटेक्टचा परवाना मिळवण्याचं गणितही आत्ताच समजून घे: ३,७४० तासांचा अनुभव आणि सहा भागांची परीक्षा. हे तास ठरलेल्या सहा क्षेत्रांत विभागलेले असतात. वर्षभर नुसते टॉयलेटचे डिटेल काढत राहिलास, तर बांधकामाच्या देखरेखीचा रकाना कोराच राहील. साइटवर न्या, असं बॉसला स्वतःहून सांग. कसं सांगायचं ते शाखेतले लोक शिकवतील.

आणि कॉलेजच्या विद्यार्थी शाखेचा संघ बार्बरा लॉरी स्पर्धेसाठी, म्हणजे नोमाच्या विद्यार्थ्यांच्या डिझाइन स्पर्धेसाठी, तयार होत असेल, तर पहिल्या वर्षाला आहेस म्हणून मागे राहू नकोस. मॉडेल कापायला माणसं लागतातच.