पाचला आलेल्यालाही पूर्ण मजुरी?

प्रश्न : ताई, मी सोलापुरात रविवारच्या शाळेत सातवी-आठवीची मुलं घेते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला (बोधकथा) सांगितला, तर मुलं चिडलीच. मळ्याचा मालक पहाटेपासून राबलेल्याला एक दिनार देतो आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही तेवढाच? एकीची आई विड्या वळते. ती मुलगी म्हणाली, "आमच्याकडं हजारावर हिशोब असतो, टीचर." मला काही सुचेना.
– एक शिक्षिका

उत्तर : चिडली ना? मग गोष्ट पोचली. माझ्या वर्गातली पोरं नुसती माना डोलवायची अन् मला वाटायचं, काय छान शिकवलं!

"देव कृपाळू आहे" म्हणून घाईनं मिटवू नका. त्या मुलीचा हिशोब फळ्यावर मांडा. मग विचारा, पाचपर्यंत ती माणसं रिकामी का उभी होती? उत्तर दाखल्यातच आहे : त्यांना कुणी कामावर लावलंच नव्हतं. मजूर-नाक्यावर डबा घेऊन ताटकळणारी माणसं मुलांनी पाहिलेली असतात. पुढचं तीच बोलतील. दिनार म्हणजे तेव्हाची दिवसाची मजुरी. एका तासापुरत्या तिच्या बाराव्या हिश्शात चूल कशी पेटायची?

मागचा अध्यायही वाचून दाखवा. येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? दाखला त्या प्रश्नामागून येतो. (हे मलाही उशिराच कळलं.) आणि त्या मुलीला स्पष्ट सांगा, मालकानं पहाटेवाल्यांच्या ठरलेल्या पैशातला एक छदामही कापला नव्हता. आईच्या हजाराचा हिशोब चोख व्हायलाच हवा.