कोकोलिथोफोर : गोलाणू नव्हे, खडीधर

प्रश्न असा आलाय : समुद्राचं पाणी दुधाळ निळं करणाऱ्या कोकोलिथोफोर या जीवांना एका लेखात 'चुन्याचे गोलाणू' म्हटलंय, ते बरोबर आहे का? त्यांच्या अंगावरची चुन्याची चकती म्हणजे कोकोलिथ, तो शब्द पुल्लिंगी की नपुंसकलिंगी? आणि हे जीव चुन्यात कार्बन कोंडून हवा शुद्ध करतात, असं लिहावं का?

'गोलाणू' साफ चूक. हा शब्द मराठीत गोल आकाराच्या जीवाणूंसाठी, म्हणजे इंग्रजीतल्या 'कॉकस'साठी, ठरलेला आहे. कोकोलिथोफोर जीवाणू नव्हेतच. त्यांच्या पेशीत केंद्रक आहे, हरितलवकं आहेत, प्रकाशसंश्लेषण आहे. एकपेशीय शैवलं म्हणा, वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) म्हणा, कुणी अडवणार नाही. 'कॉकस' दिसलं की डोळे मिटून 'गोलाणू' लिहायचं, ही सवय मात्र आता असह्य झाली आहे. 'कोको' म्हणजे नारळ असं ठोकून देणाऱ्यांचा तर विचारही नको.

मूळ ग्रीक शब्द 'कोक्कोस'. अर्थ दाणा, बी. 'लिथोस' म्हणजे दगड. दोन्ही कोशात मिळतात, त्यावर वेळ घालवत नाही. गंमत कोक्कोसच्या दुसऱ्या अर्थात आहे. ओकच्या एका जातीच्या झुडपावर लालसर गोल दाणे चिकटलेले असत. ते वाळवून गडद लाल रंग काढत. ग्रीकांनी त्यांनाही कोक्कोसच म्हटलं आणि त्यावरून लाल रंगाला 'कोक्किनोस'. ते दाणे नव्हतेच! जागचे न हलणारे मादी किडे होते ते. पूर्वेकडच्यांना हे ठाऊक असावं. फारसीत किड्याला 'किर्म' म्हणतात, म्हणजे आपल्या 'कृमि'चा सख्खा भाऊ. त्यातून अरबी 'किर्मिज', त्यातून मराठी 'किरमिजी' आणि इंग्रजी 'क्रिमसन'. एकाच वस्तूला एकानं बी म्हटलं, दुसऱ्यानं कृमी, आणि बरोबर निघाला दुसरा.

आता कोकोलिथ हे नाव देणारा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हक्सली. १८५७ साली उत्तर अटलांटिकच्या तळातून उपसलेला गाळ टॉमस हक्सलीनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात चिमुकल्या, थरांच्या गोल चकत्या. पहिल्या नजरेला प्रोटोकॉकस या शैवलाच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या. सौम्य आम्लात टाकल्या तर चटकन विरघळल्या. यावरून १८५८ मध्ये त्यानं निकाल दिला की या सजीव असूच शकत नाहीत, आणि सोयीसाठी नाव ठेवलं कोकोलिथ. माझं म्हणणं, या शब्दाच्या नशिबातच ही चूक लिहिलेली आहे. ग्रीकांचा 'दाणा' किडा निघाला, हक्सलीचा 'दगडी दाणा' शैवलाच्या अंगावरचा निघाला. त्याआधी १८३६ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्गनंही खडूत या चकत्या पाहून त्या निर्जीवच ठरवल्या होत्या. पुढच्या काही वर्षांत वॉलिक आणि सॉर्बी या संशोधकांनी त्या सजीवाच्या असल्याचं दाखवलं. तरी हक्सलीचं दुर्दैव संपलं नाही. १८६८ मध्ये तोच गाळ पुन्हा पाहताना त्याला या चकत्यांभोवती चिकट द्रव्य दिसलं, आणि ते आदिम सजीव द्रव्य समजून त्यानं त्याचं बाथिबियस असं बारसंही केलं. चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाच्या समुद्रसंशोधन मोहिमेवरच्या रसायनज्ञानं ते नुसतं कॅल्शियम सल्फेट असल्याचं सिद्ध केलं. गाळ टिकवायला घातलेल्या अल्कोहोलमुळे समुद्राच्या पाण्यातून साकळलेलं! सजीवाला निर्जीव आणि निर्जीवाला सजीव, दोन्ही एकाच बरणीत.

'फोर' राहिलं. ग्रीक 'फोरोस' म्हणजे वाहणारा, धारण करणारा. संस्कृत 'भृ' धातूशी त्याचं सरळ नातं आहे. विश्वंभरमधला 'भर' तोच. मग मराठीत 'खडीभर' का नको? कारण लोक ते वाटीभर, मूठभरसारखं वाचतील. म्हणून माझी शिफारस 'खडीधर', गिरिधरच्या चालीवर. खडी म्हणजे रस्त्यावरची नव्हे, चुनखडीतली, संस्कृत खटिका. नाव शोभतंही, कारण इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे डोव्हरचे पांढरे कडे मुख्यतः याच चकत्यांच्या थरांचे आहेत. परिभाषावाले 'गोलाश्मधारी' वगैरे काढतील. खुशाल काढोत. गोल गोटे वाहणारा हमाल डोळ्यांपुढे येतो.

जाता जाता, प्लवक आणि प्लँक्टन एकाच धातूचे, असं छातीठोक सांगणारेही बरेच आहेत. नाहीत. आपला 'प्लु' तरंगण्याचा. ग्रीक 'प्लँक्टोस' म्हणजे भरकटलेला. आवाजाच्या साम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नसते.

हवा शुद्ध करण्याचं वाक्य लिहायचंच तर सांभाळून. एमिलियानिया हक्सलीई (हो, नावात तोच हक्सली) ही यांतली सर्वांत बोकाळणारी जात. पेशी जेमतेम ५ मायक्रोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरात दोनशे. चकती पेशीच्या आत एका पिशवीत पूर्ण घडते आणि मग बाहेर सरकवली जाते : मध्ये नळी, तिच्या दोन्ही टोकांना पात्यांची कड, बाहेरच्या कडेची पाती टी-आकाराची. पण हा चुना घडताना पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटच्या दोन आयनांतला एकच कार्बन चकतीत जातो. दुसरा कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात सुटतो. प्रकाशसंश्लेषण वायू शोषतं, चुना बनवणं तो सोडतं. चुन्याच्या वजनानं मेलेलं सेंद्रिय द्रव्य लवकर तळाशी जातं, ही जमेची बाजू. शेवटचा हिशोब जात, पाणी आणि खोली यांवर ठरतो. म्हणून 'चुन्यात कार्बन कोंडतात' एवढं ठीक, 'म्हणून हवा शुद्ध होते' हे त्याच्या मागे आपोआप येत नाही. समुद्राची आम्लता वाढली की चकत्या घडवणं अनेक जातींना जड जातं. हक्सलीची आम्लाची चाचणी आता सगळ्या समुद्रात चालू आहे म्हणायची.

आणि हो, लिंग. दगड, खडा, अश्म सगळे पुल्लिंगी, तेव्हा तो कोकोलिथ, अनेकवचनी ते कोकोलिथ. 'कोकोलिथं' लिहू नका.