आधी पिल्लाची आई दाखवा म्हणा

दादा, तुम्हाला लेकीसाठी लॅब्रॅडॉरचं पिल्लू घ्यायचंय. विकणारा म्हणतोय पिल्लू 35 दिवसांचं आहे, आगाऊ पैसे टाका, रविवारी लातूरच्या बसस्टँडवर आणून देतो. माणूस भरवशाचा आहे का, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगतो : हा व्यवहार करू नका.

2011 साली मी असंच एक पिल्लू नांदेड रस्त्यावरच्या धाब्यासमोर घेतलं होतं. खोक्यातून बाहेर काढलं तर पोट टम्म. मला वाटलं, खाऊनपिऊन चांगलं आहे. ते जंत होते. चौथ्या दिवशी रक्ताची हगवण लागली आणि सहाव्या दिवशी ते गेलं. पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांना होणारा आतड्याचा विषाणूजन्य रोग. लसीच्या कार्डावर तारीख लिहिलेली होती, पण कुपीचं स्टिकर नव्हतं, डॉक्टरची सही नव्हती. माझा धाकटा दोन दिवस जेवला नाही. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून पुढे वर्षभर आमच्या अंगणात दुसरं पिल्लू आणता आलं नाही.

तेव्हापासून पिल्लाची आई बघितल्याशिवाय मी पिल्लाला हात लावत नाही. आणि ती बघायची तिच्या स्वतःच्या जागी, पिल्लांसोबत. फोटो किंवा व्हिडिओ कुठल्याही कुत्रीचा पाठवता येतो.

चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवान कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. त्या भागातल्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मी गेलो होतो. मादी बाजेखाली पिल्लांना पाजत होती. मला बघून गुरगुरली. मालकाने नुसतं नाव घेतलं, तशी उठून त्याच्या पायाशी येऊन बसली. कारवान मुळात सडपातळ, बरगड्या थोड्या दिसणारच. पण डोळ्यांत तजेला होता, सड चिरलेले नव्हते, कानात गोचीड नव्हती. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा, आणि शाळेच्या वहीत रोजची वजनं. एका दिवशी हिरव्या दोऱ्याचं वजन घटलेलं, त्यापुढे लिहिलं होतं, ‘याला आधी पाजणे.’ मग त्या माणसाने माझीच चौकशी केली. दिवसभर घरी कोण असतं, पळायला रान आहे का, साखळीला बांधून तर ठेवणार नाही ना. पैशाचं बोलणं सगळ्यात शेवटी. नाही जमलं तर पिल्लू परत माझ्याकडेच आणा, हेही त्यानेच सांगितलं.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. त्यांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू गिऱ्हाइकाला विकता येत नाही, मादीला 18 महिन्यांच्या आत फळवायचं नाही आणि 12 महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही. म्हणजे तुमचं 35 दिवसांचं पिल्लू तिथेच बाद. 8 आठवड्यांना कारण आहे : चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांशी खेळतानाच शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे लेकराच्या हाताला दात लावतं, आणि घरचे कुत्र्यालाच दोष देतात.

केसीआयच्या (केनल क्लब ऑफ इंडियाच्या) कागदावर फार विसंबू नका. तो वंशावळ सांगतो. मादीला पोटभर मिळतं का, हे त्यात लिहिलेलं नसतं.

लॅब्रॅडॉरच घ्यायचा तर आईबापाच्या खुब्याचा एक्स-रे मागा. या जातीत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष वंशातून उतरतो, आणि कुत्रं ऐन उमेदीत मागच्या पायांनी लंगडायला लागतं. एक्स-रे म्हटल्यावर समोरचा चिडला तर तिथून निघा. एकाच माणसाकडे पाच-सहा जातींची पिल्लं बाराही महिने तयार मिळत असतील, तरी निघा.

पिल्लू आणलं की 2 दिवसांच्या आत डॉक्टरला दाखवा. परभणी आणि उदगीर दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जंताचं औषध कोणकोणत्या तारखांना दिलं आणि पुढची लस कधी, हे ब्रीडरकडून लिहूनच घ्या. लसींचा क्रम पुरा होईपर्यंत त्याला गल्लीतल्या मातीत सोडू नका.

आज त्या माणसाला फोन करून एवढंच विचारा : पिल्लाची आई कुठे आहे, मी येऊन बघतो. ‘ती गावाकडे आहे’, ‘मित्राकडे आहे’ असं ऐकू आलं की पैसे टाकू नका. तो पत्ता सांगून या म्हणाला, तर जाताना लेकीला घरी ठेवा. लेकरू बरोबर असलं की रिकाम्या हाताने परत फिरता येत नाही.